पिवळा दिवा आणि बाबांचा स्क्रूड्रायव्हर

गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर दिवाळी होते. लाल, पिवळे, हिरवे असे सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की एकेक करून विझतात. त्यातला एक पिवळा दिवा मात्र भलताच गूढ. चित्र इंजिनाचं, पण दिसतं पाणबुडीसारखं! नाव ‘चेक इंजिन’. म्हणजे नावातच हुकूम आहे. आता चेक करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

चालत्या गाडीत हा दिवा लागला की माणसांचे दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार म्हणतो, ‘चालतेय ना गाडी? मग कशाला टेन्शन!’ आणि सहा महिने त्या दिव्याच्या उजेडात ऑफिसला जातो. दुसरा प्रकार घाबरून थेट सर्व्हिस सेंटर गाठतो आणि समोर येईल त्या कागदावर सही करतो. तुम्ही-आम्ही बहुतेक या दुसऱ्या प्रकारातले. ऑफिसात सिस्टीम बसली तर लॉग उघडून रात्रभर मूळ शोधू, पण गाडीचं बॉनेट उघडायचं ते फक्त काचेवर मारायचं पाणी भरायला.

माझं म्हणाल तर मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते आणि त्याचाच पगार घेते. आणि माझे बाबा एसटीचे मेकॅनिक. एकतीस वर्षं डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढून २०१५ साली रिटायर झाले. आई-बाबा साताऱ्याला, मी पुण्यात. दर दुसऱ्या शनिवारी मी साताऱ्याला जाते, माझ्या २०१४ सालच्या सेकंडहॅण्ड पेट्रोल हॅचबॅकने. गाडी छोटी आहे, जुनी आहे, पण माझी आहे. माझ्या पैशांची.

खंबाटकीतले आचके

२०२४चा जुलै. धो धो पाऊस. खंबाटकीच्या चढावर गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर जिना चढून दमलेल्या माणसासारखी अडखळायची. आणि तेवढ्यात तो पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

इथे एक गोष्ट पाठच करून ठेवा. हा दिवा नुसता पेटून राहिला तर गाडी लवकर दाखवून घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. पण लुकलुकत असेल तर मामला सिरियस! म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जातंय, पण जळत नाही. ते न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा मुलामा असतो. म्हणजे खिशाला केवढी चाट बसेल, विचार करा. म्हणून दिवा लुकलुकला की पाय उचलायचा, सुरक्षित जागा बघून थांबायचं. (आणि ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर? मग विचार नाही, इंजिन तिथल्या तिथे बंद.)

मी डाव्या बाजूला रुंद जागा बघून थांबले, दहा मिनिटांनी पुन्हा निघाले आणि हलक्या पायाने घाट पार केला. दिव्याचं लुकलुकणं थांबलं, तो नुसताच पेटून राहिला. घरी जायच्या आधी साताऱ्यातल्या एका सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली. अर्ध्या तासात छापील एस्टिमेट हातात. चार इग्निशन कॉइल, चार स्पार्क प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग... बेरीज अडतीस हजारांच्या पुढे. वर पुन्हा, ‘ईसीएम गेला असेल तर तो वेगळा.’

मी विचारलं, ‘स्कॅनरवर कोड कोणता आला?’

‘मॅडम, ते जरा टेक्निकल असतं. घरी कोणी सर असतील तर फोन लावून द्या, मी त्यांना समजावतो.’

आणि मग हळूच, ‘तसंही एवढा खर्च करण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन बघा ना!’

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि गाडी घरी आणली.

बाबांचा स्टेथोस्कोप

बाबांनी आधी कागद वाचला. चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘आगं, हा तर सगळा किराणाच लिहून दिलाय. नक्की काय झालंय ते कुठं लिहिलंय?’

मग आतून त्यांची जुनी पेटी आली. त्या पेटीत एक हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आहे. तो त्यांचा स्टेथोस्कोप. चालू इंजिनावर फिरत्या भागांपासून लांब, योग्य जागी त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा. कुठली बेअरिंग कुरकुरते, कुठला इंजेक्टर टिकटिकत नाही, ते डेपोत बाबा असंच सांगायचे. लहानपणी मला ही जादू वाटायची.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. मग जुन्या बसचा कुठला सिलिंडर मेलाय हे कसं शोधायचं? बाबांची पद्धत सांगते. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरासा ढिला करायचा. इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय, काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला! (हे वाचून घरच्या डिझेल गाडीवर प्रयोग करू नका. नव्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो, ती बारीक धार कातडीत घुसते. बाबा स्वतःच हे दहादा बजावतात.)

तर बाबांनी स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला, मूठ कानाला लावली. एका जागी, दुसऱ्या जागी, मग दुसरा कान. दोन मिनिटं गेली. त्यांनी काहीच न बोलता तो पुसून पेटीत ठेवला.

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. टीव्हीचा आवाज दोन वर्षांपासून वाढत होता, फोनवर ‘काय? काय?’ चाललं होतं. कान दाखवायचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, ‘मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता.’ त्या दिवशी आम्ही दोघीही काही बोललो नाही.

पण मेकॅनिक तो मेकॅनिक! बाबा घरात गेले आणि मागच्या वर्षीच्या ‘कालनिर्णय’चं एक पान घेऊन आले. गाडीच्या मागे उकिडवे बसले आणि ते पान सायलेन्सरच्या तोंडासमोर धरलं. इंजिन धड असेल तर कागद एका लयीत मागे उडत राहतो. आमचा कागद उडता उडता मध्येच थबकायचा, कधी उलटा आत ओढला जायचा. फड फड फड... गप्प. फड फड फड... गप्प.

‘एक सिलिंडर दांडी मारतोय,’ बाबा म्हणाले. ‘कुठला, ते तुझं मशीन सांगंल का?’

मशीन काय सांगतं?

‘माझं मशीन’ म्हणजे काडेपेटीएवढा ओबीडी अ‍ॅडॉप्टर. सातआठशे रुपयांत ऑनलाइन मिळतो, मी तो ग्लोव्ह बॉक्समध्येच ठेवते. ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात तो खुपसायचा, ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा, साधं अ‍ॅप उघडायचं. बस्स. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कारना हे सॉकेट सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४च्या नियमांबरोबर २०१०पासून ओबीडी आलं आणि २०१३च्या एप्रिलपासून त्याचा दुसरा, जास्त कडक टप्पा. तेव्हा तुमची गाडी त्यानंतरची असेल तर हे सॉकेट तुमच्याकडेही असणारच.

स्क्रीनवर आलं: पी०३०२.

फंडा सोपा आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं. त्यानंतरचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. तीन म्हणजे इग्निशन, मिसफायर वगैरे. आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे सिलिंडर नंबर दोन. त्याच्याबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंदही होती. बिघाड पकडला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं, त्यावर किती लोड होता, याचा तो स्नॅपशॉट. आमच्यात फिरण्याचा आकडा तीन हजारांच्या आसपास होता आणि लोड भरपूर. म्हणजे घाटातला चढ. मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. कोड पुसायच्या आधी हे नक्की करा, कारण कोडबरोबर ही नोंदही जाते.

आता खरी गंमत. गाडीचा कम्प्युटर सिलिंडरच्या आत डोकावून बघत नाही. क्रँकशाफ्टजवळ एक सेन्सर असतो, तो फिरण्याचा वेग मोजतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ७५० फेरे मारत नुसतं उभं असतं, तेव्हाही त्यात सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडते. दर ठिणगीला क्रँकला एक धक्का मिळतो. एखादा धक्का चुकला की वेग किंचित पडतो, आणि तो कुणाच्या पाळीला पडला यावरून कम्प्युटर नंबर सांगतो. म्हणजे बाबांच्या कागदाला जे कळलं तेच! फक्त नंबरासकट.

म्हणून कोड आला म्हणजे निदान झालं असं नाही. पी०३०२ म्हणजे ‘कॉइल बदला’ नव्हे. दोन नंबरला नीट जळत नाही, एवढंच तो सांगतो. कारण कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, उंदराने कुरतडलेली वायर असेल, नाहीतर कॉम्प्रेशनच गेलं असेल. तापात थर्मामीटरने १०२ दाखवलं म्हणून काही डॉक्टर मलेरियाची गोळी देत नाही. आधी तपासतो. अडतीस हजारांच्या कागदात नेमकं हे तपासणंच नव्हतं. सगळे संशयित एकदम बदलून टाकायचे, म्हणजे त्यातला खरा आपोआप जाईलच. जाईलही! पण पैसे कुणाचे?

एका वेळी एकच

रविवारी सकाळी पाऊस थांबला. इंजिन रात्रभर गार झालेलं. प्लगला हात घालायचा तर इंजिन गारच हवं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे तापलेले असताना बिघडतात.

माझ्या गाडीत दर प्लगवर एकेक कॉइल बसवलेली आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट घेऊन ती हजारो व्होल्ट करते आणि प्लगला देते. किल्ली काढून घेतली, दहाच्या पान्याने बोल्ट सोडला, दोन नंबरची कॉइल काढून तीनला लावली आणि तीनची दोनला. आता मनात आलं, लगे हाथ प्लगही बदलून टाकू, वेळ वाचेल. तोंडातून शब्द निघायच्या आत बाबा म्हणाले, ‘एका वेळी एकच. दोन हलवले तर कुणामुळं फरक पडला ते कसं कळणार?’

मी हसायला लागले. अहो, माझ्या टीममध्ये नवीन पोरं आली की मी त्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते! एका वेळी एकच गोष्ट बदला, पुन्हा टेस्ट करा, लिहून ठेवा. हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले असं मला वाटायचं. पण ते आमच्या घरातलंच होतं.

कोड पुसला, यवतेश्वरच्या घाटाची पहिली दोन वळणं चढून परत आलो. दोष कॉइलमध्ये असेल तर आता पी०३०३ यायला हवा, कारण कॉइल तीनवर गेली. दिवा लागला नव्हता, पण ‘पेंडिंग’ कोड बघितला. बऱ्याचदा एकच ट्रिपमध्ये बिघाड दिसला तर कम्प्युटर दिवा न लावता नुसती नोंद करतो. तिथे होतं: पी०३०२. हललाच नाही!

म्हणजे कॉइल निर्दोष. त्या कागदावरची सगळ्यात महाग ओळ तिथेच खोडली गेली.

दुसरी फेरी. कॉइल तशाच ठेवून दोन नंबरचा प्लग चारला, चारचा दोनला. प्लग बसवताना बाबांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला. ‘आधी बोटांनी फिरव. आटे नीट धरले की मगच पाना.’ पुन्हा कोड पुसला, पुन्हा तीच दोन वळणं. या वेळी स्क्रीनवर पी०३०४.

चोर प्लगबरोबर चालत चारवर गेला होता.

तो प्लग पुन्हा काढून उन्हात धरला. टोक नेहमीसारखं फिकट तपकिरी, त्यावरून काहीच कळलं नसतं. पण वरच्या पांढऱ्या चिनी मातीच्या नळीवर केसाएवढी काळी रेघ होती, वरपासून खालपर्यंत. तडा. ठिणगी टोकाला न जाता या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती. दमट हवा आणि चढ, दोन्ही एकत्र आले की जास्तच. ‘कॉइलचं रबरही बघून घे,’ बाबा म्हणाले, कारण ते जळालेलं असेल तर नवा प्लगही फुकट. रबर स्वच्छ होतं.

सोमवारी मी घरूनच लॉग-इन केलं. लंच ब्रेकमध्ये पोवई नाक्याकडून चार नवीन प्लग आणले, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या नंबरचेच. हजाराच्या आत बिल. संध्याकाळी सबंध यवतेश्वर घाट चढून आलो. दिवा नाही, पेंडिंग नाही, आचका नाही. बाबांनी घरी येऊन पुन्हा कालनिर्णयचं पान धरलं. फड फड फड फड, अखंड.

तुमच्यासाठी चार गोष्टी

आता लगेच सगळ्यांनी पाने घेऊन पार्किंगमध्ये उतरा, असं मी म्हणत नाहीये. फ्युएल लाइन, एअरबॅग, हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या जाड नारिंगी केबल, यांना घरी हात लावायचा नाही म्हणजे नाही. गाडी वॉरंटीत असेल तर ती खोलूच नका. पण कोड वाचणं, फोटो काढणं, काय होतं आणि कधी होतं ते लिहिणं (थंड असताना की तापल्यावर? चढावर की सिग्नलला?) हे कुणीही करू शकतं. मग सर्व्हिस सेंटरला गेल्यावर तीन प्रश्न विचारा: कोड कोणता? हाच पार्ट खराब आहे हे कोणत्या टेस्टवरून ठरवलं? आणि काढलेला जुना पार्ट मला परत मिळेल का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही. उलट खूश होतो, त्याला बोलायला कुणीतरी मिळतं. ‘सर आहेत का’ असं विचारणाऱ्याला मात्र या तिन्हींची उत्तरं देताना पंचाईत होते.

त्या रात्री जेवताना बाबांनीच विषय काढला. पानातली भाकरी मोडत म्हणाले, ‘ते कानाचं मशीन असतंय, त्यात पण असंच असतंय का? एकेक आवाज देऊन बघत्यात?’

‘हो बाबा. एकेका फ्रिक्वेन्सीचा. एका वेळी एकच.’

‘मग बघू की.’

पुढच्या खेपेला ऑडिओमेट्री झाली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचा कान आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास जातो, आलेखात तिथे खड्डा दिसतो. बाबांच्या दोन्ही कानांच्या आलेखात तो होता. त्यांनी तो कागद फ्रीझ फ्रेमसारखा नीट निरखला आणि म्हणाले, ‘कोड आला. आता पार्ट कुठला लागतो ते विचार.’ दिवाळीच्या आत दोन्ही कानांत यंत्रं बसली. टीव्हीचा आवाज खाली आला. स्क्रूड्रायव्हर पुन्हा पेटीबाहेर आला.

आता शेजारपाजारच्या कुणाच्या गाडीत पिवळा दिवा लागला की ती आमच्या दारात उभी असते. आधी कागद, मग स्क्रूड्रायव्हर, मग कोड. स्क्रीनवर इंग्रजीत काय आलंय ते विचारायला मला व्हिडिओ कॉल येतो, बरोबर मीटिंगच्या मध्ये. माझा अ‍ॅडॉप्टर बाबांनी अजून परत दिलेला नाही. मी पुण्यासाठी दुसरा मागवला.